परवान्यावरचा पहिला तांत्रिक अहवाल: प्रश्न निवडण्यापासून डीओआय मिळेपर्यंत

बाग कराराने द्यायची तर आपल्याकडे बारीकसारीक गोष्टी आधी ठरतात. किती कलमे, किती हंगाम, फवारणीचा खर्च कोणाचा, राखण कोण ठेवणार. जमीन आणि झाडे मालकाचीच राहतात. फळ काढण्याचा हक्क तेवढा अटींवर दुसऱ्याकडे जातो. ओपन सोर्स परवान्याचा गाभाही हाच. कोड लिहिणाऱ्याची मालकी कायम, आणि वापरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क अटींसह जो घेईल त्याला. तरीही बागेचा कागद दोनदा वाचून घेणारी आपली मुले हजारो ओळींचा परका कोड प्रकल्पात घेताना सोबतची परवान्याची फाइल उघडत नाहीत. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे काम करणाऱ्या मित्रांमध्ये हे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे.

मग ग्राहकाने विचारले, की रात्री फोन येतो: "अरे, ही जीपीएलची लायब्ररी वापरली तर चालेल का?" (जीपीएल हा एक ओपन सोर्स परवाना; लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड.) आपण उत्तर देतो, तो दुरुस्ती करतो, विषय संपतो. पुढच्या वर्षी सावंतवाडीहून दुसऱ्याचा तोच प्रश्न येतो आणि पहिले उत्तर कुठेच लिहिलेले नसते. ते बरोबर होते का, हेही कोणी तपासलेले नसते. तांत्रिक अहवाल यासाठी लिहायचा. पाच-दहा पाने, एकच प्रश्न, उत्तरामागचा पुरावा उघड मांडलेला, लेखकाव्यतिरिक्त दोघांनी तपासलेला, आणि कायम सापडेल अशा पत्त्यावर, म्हणजे डीओआय या कायम ओळखक्रमांकासह, ठेवलेला. पीएचडी लागत नाही, वकिलीची सनदही लागत नाही. प्रोग्रामर, ग्रंथपाल, कायद्याचे विद्यार्थी, अभियांत्रिकीचे शिक्षक यांपैकी कोणीही तो लिहू शकतो.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या पहिल्या मसुद्याचा विषय होता "ओपन सोर्स परवाने आणि भारतीय कायदा". चाळीस पाने झाली होती. ज्यांना तपासायला दिली त्यांनी एकच प्रश्न विचारला: यातले कोणते वाक्य कोणाला चूक ठरवता येईल? मी शोधायला बसलो तेव्हा कळले, की सगळी वाक्ये इतकी मोघम होती की ती चूक ठरणे शक्यच नव्हते. अशा लिखाणाचे परीक्षण करता येत नाही.

त्या चाळीस पानांत एक परिच्छेद मात्र कामाचा होता, आणि पुढे त्याचाच अहवाल झाला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९(५) प्रमाणे हक्कांच्या हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. १९(६) प्रमाणे प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आणि कलम ३०-ए म्हणते, की १९ मधल्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. आता परवान्यांचे मजकूर शेजारी ठेवून पाहा. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत (२००७) हक्क प्रोग्रामच्या कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी दिल्याचे स्पष्ट लिहिले आहे. अपाचे २.० (२००४) मध्ये कायमस्वरूपी आणि जगभर असे दोन्ही शब्द आहेत. एमआयटी परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा. त्यात मुदत नाही, प्रदेशही नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतही (१९९१) मुदत सांगणारे वाक्य नाही. मग प्रश्न असा होतो: भारतीय लेखकाने भारतात एमआयटीखाली दिलेल्या कोडच्या परवान्याला पाच वर्षांची ही तरतूद लागू पडते का?

हा प्रश्न अहवालाजोगा आहे. कायद्याची कलमे ठरलेली, परवान्यांचे मजकूर ठरलेले, तुलना कोणालाही करून पाहता येईल अशी. निष्कर्ष "हो" किंवा "नाही" असा ठाम निघाला नाही तरी "या परवान्यांत मुदत लिहिली आहे, या परवान्यांत नाही, आणि नसण्याचा परिणाम ठरवताना या कलमांचा विचार करावा लागेल" एवढे सिद्ध झाले तरी पुढच्या माणसाचे पंधरा दिवस वाचतात.

विषय सुचत नसेल तर आसपासच्या कामांकडे पाहा. महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा कॉपीराइट विद्यार्थ्याचा की संस्थेचा? कलम १७(सी) नोकरीच्या करारात केलेल्या कामाबद्दल बोलते, पण विद्यार्थी नोकरदार नसतो. आंबा पेट्यांच्या हिशेबाचे एखादे ॲप अपाचे २.० ची लायब्ररी आणि फक्त जीपीएल दोनखाली असलेला कोड एकत्र वाटते का? अपाचे २.० हा परवाना जीपीएल तीनशी जुळतो, दोनशी नाही, अशी जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका आहे. मराठी ॲपमध्ये घातलेल्या देवनागरी फॉन्टसोबत त्याचा परवाना जातो का? यांतला एकच घ्या. दोन घेतले तर दोन अहवाल करा.

दुसरी पायरी: पुरावा

परवाना मूळ मजकुरातच वाचा. कोणीतरी केलेला सारांश, रंगीत तक्ता, यांवर विसंबून लिहिलेला अहवाल परीक्षक पहिल्या पानावर परत करतो, आणि तो करायलाच हवा.

आवृत्ती नोंदवल्याशिवाय परवान्याचे नाव लिहू नका. लोहित देवनागरी फॉन्टचे उदाहरण बघा. जुन्या आवृत्त्या जीपीएल दोनखाली होत्या; २०११ मध्ये तो फॉन्ट सिल ओपन फॉन्ट लायसन्स १.१ खाली आला. दोन्हींच्या अटी अगदी वेगळ्या आहेत. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत विकता येतो, एकटा विकता येत नाही. बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली राहावा लागतो. राखून ठेवलेले नाव बदललेल्या फॉन्टला देता येत नाही. आणि त्या फॉन्टमध्ये छापलेल्या पुस्तकावर किंवा लग्नपत्रिकेवर मात्र परवान्याचे बंधन येत नाही. तेव्हा "लोहितचा परवाना अमुक" हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या आवृत्तीचा, ते लिहा.

परवान्यांची नावे लिहिताना एसपीडीएक्सची ओळखचिन्हे, म्हणजे प्रत्येक परवान्याचे ठरलेले छोटे नाव, वापरा. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली चालणारे हे मानक २०२१ मध्ये आयएसओ/आयईसी ५९६२ म्हणून मान्य झाले. त्यात "फक्त जीपीएल २.०" आणि "जीपीएल २.० किंवा पुढची" यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. आपल्या बोलण्यात दोन्हींना सरसकट जीपीएल म्हणतात, आणि निम्मे घोटाळे तिथून निघतात.

कोड तपासायचा असेल तर स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी चालवा. दोन्ही मोफत आहेत आणि फाइलनिहाय परवाने काढून देतात. पण यंत्राची यादी हा पुरावा धरू नका. ती कुठे पाहायचे एवढेच सांगते. आमच्या एका तपासणीत मुख्य फाइलवर एमआयटी लिहिले होते, यंत्राने तीनशेहून जास्त फाइलींना एमआयटी म्हटले, आणि पावती छापण्याच्या फोल्डरमध्ये एका फाइलच्या डोक्यावर फक्त जीपीएल २.० ची ओळ निघाली. ती फाइल कोणीतरी दुसरीकडून आणून ठेवली होती. यंत्राच्या यादीत ती होती; आम्ही बेरीज पाहून खूश झालो होतो. ती ओळ सापडली नसती तर अहवालाचा निष्कर्षच उलटा गेला असता.

तपासलेल्या कोडची नेमकी अवस्थाही नोंदवा: कमिटचा हॅश (कोडच्या त्या नेमक्या अवस्थेचे ओळखचिन्ह), तपासणीची तारीख, साधनाची आवृत्ती. कोड उद्या हलू शकतो, म्हणून तो सॉफ्टवेअर हेरिटेजमध्ये जतन करायला द्या. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये उघड केलेले हे जगभरच्या स्रोत कोडचे संग्रहालय आहे. कोड ठेवलेल्या सार्वजनिक भांडाराचा पत्ता दिला की ते त्याची प्रत घेते आणि मजकुरावरून काढलेले कायम ओळखचिन्ह देते. ते चिन्ह अहवालात घाला.

तिसरी पायरी: लेखन

क्रम साधा ठेवा. प्रश्न, तो का महत्त्वाचा, काय तपासले आणि काय नाही, कसे तपासले, काय आढळले, त्याचा अर्थ काय, मर्यादा. गोषवारा शेवटी लिहा, छापताना आधी ठेवा. मराठीत लिहीत असाल तर इंग्रजी गोषवाराही जोडा, कारण परवान्यांवर काम करणारे बहुतेक परीक्षक मराठी वाचणारे नसतील.

एक सवय मुद्दाम लावून घ्या. प्रत्येक महत्त्वाचे वाक्य लिहिताना स्वतःला विचारा, हे मजकुरात लिहिलेले आहे, की मी लावलेला अर्थ आहे, की न्यायालयाने सांगितलेले आहे? तिन्ही वेगवेगळ्या शब्दांत मांडा. "परवाना म्हणतो", "आमच्या वाचनाप्रमाणे", "अमुक निवाड्यात म्हटले आहे". जेकबसन विरुद्ध कॅट्झर या २००८ च्या अमेरिकी अपिलात न्यायालयाने ओपन सोर्स परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो असे म्हटले. महत्त्वाचा निवाडा आहे, पण तो अमेरिकेतला, आर्टिस्टिक लायसन्स या परवान्याबद्दलचा. त्याला भारतीय न्यायालयाचा निर्णय असल्यासारखे लिहिले की अहवाल कोसळतो.

उपमा बोलताना वापरा, अहवालात नको. मी मूळ कोड आणि त्यावरून बनवलेला कोड यांचे नाते समजावताना रायवळ खुंटावर बांधलेल्या हापूसच्या कलमाचे उदाहरण दिले होते. ऐकणाऱ्यांना पटायचे. परीक्षकांनी ते काढायला लावले, कारण कलमात खुंट आणि काडी शेवटपर्यंत वेगळी ओळखता येतात, कोडमध्ये तसे असेलच असे नाही, आणि कायद्याचा सगळा वाद नेमका त्या सीमेवर असतो. उपमेने मी तो वाद न सोडवताच सुटल्यासारखा दाखवला होता.

परवान्याची मूळ इंग्रजी ओळ जशीच्या तशी द्या आणि खाली मराठी अर्थ, तो अनधिकृत असल्याचे सांगून. "ओपन सोर्स" हा शब्द सैल वापरू नका. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची व्याख्या १९९८ ची, दहा निकषांची, डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मार्गदर्शक तत्त्वांवरून घेतलेली. तिच्यात वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव चालत नाही. म्हणजे "व्यापारी वापरास मनाई" असलेला परवाना, कोड उघड दिसत असला तरी, या व्याख्येत बसत नाही.

ग्राहकाचे नाव, त्याचा कोड, कराराची रक्कम यांतले काहीही लेखी परवानगीशिवाय घालू नका. नोकरी करत असाल तर अहवाल कोणाच्या वेळेत आणि कोणाच्या कामासाठी लिहिला, हे मालकाशी आधी लेखी ठरवा. आणि "हा कायदेशीर सल्ला नाही" ही ओळ पहिल्याच पानावर ठळक असू द्या.

फॉन्टबद्दल एक कळकळीची विनंती. मसुदा युनिकोडमध्येच लिहा. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. त्यात टाइप केलेला अहवाल कागदावर सुंदर दिसतो, पण संगणकाला त्यातले एकही मराठी अक्षर कळत नाही. शोधात तो कधीच येणार नाही. एवढ्या कष्टाने लिहिलेली गोष्ट कोणाला सापडूच नये, याचे मला फार वाईट वाटते.

चौथी पायरी: परीक्षण

दोन परीक्षक घ्या. एकाला कोड कळत असावा, दुसऱ्याला कायदा. दोन प्रोग्रामर घेतले तर कायद्याची चूक तशीच छापली जाते. दोन वकील घेतले तर स्थिर आणि गतिक लिंकिंगमधला (लायब्ररी प्रोग्राममध्येच बांधली, की चालवताना जोडली, यातला) गोंधळ कोणाच्या लक्षात येत नाही.

हितसंबंध आधी उघड करा. आपला पट्टा लहान, सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. भावकीतला, त्याच कंपनीतला, किंवा ज्याच्या सॉफ्टवेअरवर अहवाल आहे असा माणूस परीक्षक नको. अगदी इलाज नसेल तर ते नाते अहवालात छापा. परीक्षण बंद पाकिटातले असावे की उघड, यावर मते वेगळी आहेत. मी उघड परीक्षणाच्या बाजूने आहे. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१६ पासून संपूर्ण परीक्षण सर्वांसमोर, ठरलेल्या तपासयादीवर करते. नवख्याने तिथली दोन-तीन परीक्षणे वाचावीत, कारण चांगला आक्षेप कसा लिहितात हे त्यातून शिकायला मिळते. परीक्षकाला मात्र नाव छापायचे की नाही हे त्याने ठरवावे.

परीक्षकाकडे "बघा जरा" म्हणून मसुदा पाठवू नका. प्रश्न पाठवा. मजकुरातले उतारे मुळाशी जुळतात का? तपासणी दिलेल्या माहितीवरून पुन्हा करता येते का? निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे गेला आहे का? कोणता विरोधी अर्थ आम्ही सोडला? त्यासोबत मुदत द्या. तीन आठवडे पुरतात, पण एप्रिल-मेमध्ये मागू नका; ज्याची बाग आहे तो त्या दिवसांत कागद हातात धरणार नाही, आणि ज्याची नाही त्याच्याकडे मुंबईहून पाहुणे आलेले असतात. आम्ही परीक्षणे जून-जुलैत ठेवतो. आगोटीची कामे उरकलेली असतात, पाऊस लागलेला असतो, माणूस घरात सापडतो.

आपल्याकडे एक अडचण आहे आणि ती मोकळेपणाने बोलायला हवी. वयाने मोठ्या माणसाचा, आपल्या सरांचा अहवाल तपासताना हात आखडतो. "सर, हे चुकलंय" असे लिहिणे तरुण परीक्षकाला जमत नाही, आणि मग "छान झालंय" एवढाच अभिप्राय येतो. यावर आम्हाला लागू पडलेला उपाय असा: लेखकानेच मसुद्यासोबत आपल्याला शंका असलेल्या तीन जागा लिहून द्यायच्या. मोठ्या माणसाने स्वतः दार उघडले की धाकटा आत येतो, आणि बहुतेक वेळा चौथी जागा तोच दाखवतो.

आक्षेप आले की तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकाचे म्हणणे, आमचे उत्तर, मसुद्यात कुठे बदल केला. प्रत्येक आक्षेपाला ओळ हवी, न पटलेल्याही. न पटण्याला हरकत नाही. गप्प बसण्याला आहे. माझ्या त्या मुदतीच्या अहवालावर एकोणीस आक्षेप आले होते. चौदा मी मान्य केले, तिघांना कारण देऊन नकार दिला, आणि दोघांसाठी शीर्षकच बदलावे लागले.

पाचवी पायरी: प्रकाशन

अहवालाचाही परवाना ठरवावा लागतो. मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० द्या: श्रेय देऊन कोणीही वापरावे, भाषांतर करावे. तपासणीसाठी लिहिलेला कोड असेल तर त्याला एमआयटी किंवा अपाचे द्या, कारण सॉफ्टवेअरसाठी आमचे परवाने वापरू नका असे क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतः सांगते.

लेखकांनी ऑर्किड क्रमांक काढावा. सोळा अंकांचा, फुकट. सावंत हे आडनाव इंग्रजीत कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. दोन अहवालांचा लेखक एकच आहे हे क्रमांकावरून कळते.

मग झेनोडो. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेले हे भांडार पैसे घेत नाही आणि प्रत्येक नोंदीला डीओआय देते. आधी त्याच्या सरावाच्या आवृत्तीत एकदा सगळे भरून पाहा. खऱ्या नोंदीत डीओआय आधी राखून ठेवता येतो; तो घेऊन पीडीएफच्या पहिल्या पानावर छापा, मग फाइल चढवा. पीडीएफसोबत मूळ मसुदा, तपासणीचे निकाल आणि परीक्षणाचा तक्ताही चढवा. एकदा प्रकाशित केलेली फाइल सहज मागे घेता येत नाही, तेव्हा बटण दाबण्याआधी ग्राहकाचे नाव कुठे राहिले नाही ना, हे शेवटचे पाहून घ्या.

वर्षाला दोन-चार अहवाल निघू लागले की मालिकेसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडे आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, मागता येतो, त्याला शुल्क नाही. प्रकाशनासाठी पैसे मागणारे आणि चार दिवसांत "परीक्षण" पूर्ण करून देणारे कोणी भेटले तर दूर राहा.

प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, मसुदा चालू असतानासुद्धा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याचा संगणक त्यात गेला. आठ महिन्यांच्या नोंदी त्यावरच होत्या.

छापल्यानंतर

छापलेला अहवाल गुपचूप बदलायचा नाही. इंटरनेटची मानके ज्यांत लिहिली गेली ते आरएफसी दस्तऐवज ७ एप्रिल १९६९ पासून निघत आहेत, आणि त्यांचा नियम हाच आहे: क्रमांक पडला की मजकूर गोठला, चूक निघाली तर दुरुस्तीची नोंद वेगळी, मोठा बदल असेल तर नव्या क्रमांकाचा नवा दस्तऐवज. झेनोडोवर नव्या आवृत्तीला नवा डीओआय मिळतो आणि सर्व आवृत्त्यांचा मिळून एक सामायिक डीओआय राहतो. उद्धरण देणाऱ्याने आपण वाचलेल्या आवृत्तीचा द्यावा.

दुरुस्तीची नोंद लिहायला दहा मिनिटे लागतात. तारीख, पान, जुने वाक्य, नवे वाक्य, निष्कर्षावर परिणाम होतो की नाही, आणि चूक दाखवणाऱ्याचे नाव, त्याला विचारून.